मार्गस्थ मालाची जोखीम व विमा

मार्गस्थ मालाची जोखीम व विमा : माल एका ठिकाणाहून निघाल्यापासून ठरलेल्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अपघात, आग, चोरी, लूट, पाण्याची बाधा वा बुडणे यांमुळे त्याची हानी होण्याचा जो संभव असतो, त्यास मार्गस्थ मालाची जोखीम म्हणतात. ठरावीक विमाहप्ता घेऊन अशी हानी भरून देण्याचा करार म्हणजे मार्गस्थ मालाचा विमा होय. या विम्याचा उगम सागरी व्यापारात झाला. त्यामुळे केवळ खुष्कीच्या वाटेने जाणाऱ्या मालाचा विमाही परंपरेने सागरी विम्याच्या शाखेतच मोडतो. भारतीय विमा अधिनियम, १९३८ मधील सागरी विमा व्यवसायाच्या व्याख्येत जहाजांबरोबरच जमिनीवरून, पाण्यातून अथवा दोन्ही मार्गांनी जाणाऱ्या मालाचाही समावेश आहे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड हे गाव सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर, अवर्षणप्रवण प्रदेशात वसले आहे. तथापि तेथून निघणाऱ्या मालमोटारीतील मालाचा विमा उतरविला गेल्यास तो सागरी विम्याच्याच खाती जमा होतो.

वाटेत माल नष्ट झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. मालाचा धनी, माल वाहून नेणारा आणि मोबदला घेऊन जोखीम पत्करणारा तिऱ्हाईत, असे तीन पक्ष त्यात संभवतात. मराठीत दैवी आपत्ती व राजकीय आपत्ती यांना अनुक्रमे ‘अस्मानी’ व ‘सुलतानी’ म्हणतात. वाहकाच्या कसुरीमुळे झालेली हानी वाहकाने सोसावी. अस्मानी-सुलतानीमुळे झालेली हानी मात्र त्याच्या माथी मारू नये, हे तत्त्व प्राचीन स्मृतिग्रंथांपासून आधुनिक कायद्यांपर्यंत सातत्याने आढळते. या तत्त्वानुसार जी हानी धन्याच्या वाट्यास उरते, मुख्यतः तिच्यासाठीच विम्याची संस्था उदयास आली.

प्राचीन विचार : कौटिलीय अर्थशास्त्रात कर्जावरील मासिक व्याजाचे दर जोखमीनुसार चढत जातात. शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर असून व्यापाऱ्यांस पाच, अरण्यातून जाणाऱ्यांस दहा व समुद्रावर जाणाऱ्यांस वीस पण असे दर सांगितले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्यमार्गासाठी दहा व समुद्रमार्गासाठी वीस हेच आकडे येतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने बाराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या मिताक्षरा या टीकेत, मूळ धनच बुडण्याची शंका असल्याने हा चढा दर घ्यावा, असे कारण दिले आहे. व्याजाच्या या दरात विमाहप्ता अंतर्भूत होता, असे त्यावरून म्हणता येते. समुद्रप्रवासाचे जाणकार देश, काल व माल पाहून जो दर ठरवितील तो प्रमाण मानावा, असे मनुस्मृती सांगते.

वाहकाच्या दायित्वाविषयीही या ग्रंथांत स्पष्ट नियम आहेत. नावाड्यांच्या अपराधाने नावेतील माल नष्ट झाला, तर सर्व नावाड्यांनी मिळून तो भरून द्यावा. दैवी कारणाने झाला, तर त्यांना दंड नाही, असे मनू म्हणतो. राजा व दैव यांखेरीज अन्य कारणाने हरवलेला माल वाहकाने भरून दिला पाहिजे, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. महाराष्ट्रात मिताक्षरेस दीर्घकाळ मान्यता होती.

किनाऱ्यावरील जोखीम : कोकणच्या किनाऱ्यावर वादळाइतकीच राजसत्तेचीही धास्ती असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपला परवाना नसलेली जहाजे पकडण्यास प्रारंभ केला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी मराठ्यांच्या सागरी सत्तेचा अधिकार म्हणून आपले दस्तक घेण्याचा आग्रह धरला. असा परवाना म्हणजे विमा नव्हे. त्याने एका सत्तेकडून होणाऱ्या जप्तीचे भय टळे. दुसऱ्या सत्तेचे, चाच्यांचे व वादळाचे भय कायम राही.

फुटलेल्या जहाजावरील मालाचा प्रश्न याहून बिकट होता. किनाऱ्यास लागलेला असा माल त्या किनाऱ्याच्या राज्यकर्त्याचा, असा कोकणातील रिवाज होता. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला असता, फुटलेल्या इंग्रजी जहाजांवरील माल परत मिळावा, असे कलम त्याने मांडले होते. इतर बहुतेक कलमे मान्य झाली. हे मात्र किनाऱ्याच्या जुन्या रिवाजाविरुद्ध असल्याने मान्य झाले नाही. जहाज खडकावर आपटल्यावर वाचलेला मालही धन्यास मिळेल अशी शाश्वती त्यामुळे नसे. अस्मानीच्या पाठोपाठ सुलतानी येण्याचे हे ठळक उदाहरण होय. १८१२ च्या तहांनी मालवण व वेंगुर्ला इंग्रजांकडे गेल्यानंतर दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावरील चाचेगिरी ओसरली.

गलबते, मचवे, पडाव व फत्तेमाऱ्या यांची वाहतूक पावसाळ्यात बंद राही व नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. जोखमीचा हा ऋतुमानानुसार होणारा चढउतार किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या व्यवहारात गृहीतच धरलेला असे.

जोखमी हुंडी : पश्चिम किनाऱ्यावरील देशी व्यापाऱ्यांनी विकसित केलेला सागरी विम्याचा प्रकार म्हणजे जोखमी हुंडी होय. मुंबई, कच्छ व काठेवाड यांच्या दरम्यानच्या व्यापारात ती विशेष प्रचलित होती. माल जहाजावर चढविणारा व्यापारी त्या मालापोटी माल घेणाऱ्यावर हुंडी काढी व ती सावकारास विकून रोख रक्कम उभी करी. हुंडीत जहाजाचा व मालाचा उल्लेख असे. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे देय होत. जहाज बुडाल्यास हुंडी घेणाऱ्याची रक्कमही बुडे. अर्थात सावकार या जोखमीबद्दल हुंडी कमी किमतीत घेई व हा फरक म्हणजे व्याज व विमाहप्ता यांची बेरीज असे. कर्ज, रकमेची पाठवणी व विमा ही तिन्ही कामे या एका कागदाने होत. सामान्य हुंडी ही बिनशर्त देय असते. जोखमी हुंडी ही सशर्त असल्याने तिचे स्वरूप न्यायालयांना स्वतंत्रपणे विचारात घ्यावे लागले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे अशा हुंड्यांचे वाद आले.

खुष्कीची वाहतूक व हुंडेकरी : घाटमाथ्यावरील देशात माल प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून जाई. लमाण व वंजारी यांचे तांडे धान्य व मीठ वाहत. वाटेत जागोजागी जकातीच्या चौक्या असत. प्रत्येक चौकीवर मालाची अडवणूक व घासाघीस होई. या अडचणीतून हुंडेकरी हा मध्यस्थांचा वर्ग उदयास आला. माल ठरलेल्या ठिकाणी पोहोचविणे व वाटेतील सर्व जकाती भरणे, ही कामे तो एका ठोक रकमेत पत्करी. या ठोक रकमेस हुंडा व अशा भाड्यास हुंडाभाडे म्हणत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा लाभ असा, की वाटेत किती खर्च होईल ही अनिश्चितता संपून तिच्या जागी एक ठरीव आकडा येई. विमा या संस्थेचे मर्मही हेच आहे.

फारसीतून आलेला ‘विमा’ हा शब्द व ‘विमा उतरणे’ हा वाक्प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठीत रूढ होता. सराफ व सावकार रोकड, जवाहीर व मौल्यवान माल यांचा खुष्कीच्या मार्गावरील विमा उतरवीत. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात माळव्यातील अशा विम्याची माहिती व दर दिले असून पेंढाऱ्यांच्या धामधुमीत चढलेले दर १८१८ नंतर शांतता प्रस्थापित होताच उतरल्याचे त्यावरून दिसते. विम्याचा दर हा त्या काळी वाटेवरील सुरक्षिततेचा एक मापदंडच होता.

मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती १८३८ च्या कायद्याने रद्द झाल्या. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर हा प्रदेशही इंग्रजी अंमलाखाली आला. चौक्या उठल्या व गाडीरस्ते झाले, तसतसे हुंडेकऱ्याचे जकात भरण्याचे काम संपले व त्याचे महत्त्व घटले.

म्हसवड व माणदेश : माण नदीच्या काठी वसलेले म्हसवड हे सातारा–पंढरपूर मार्गावरील जुने बाजाराचे गाव असून तेथील देशमुखी माने घराण्याकडे होती. तेथील सिद्धनाथाची रथयात्रा मार्गशीर्षात भरते. माणदेशात पाऊस अल्प व बेभरवशाचा असल्याने शेतीच्या जोडीला मेंढपाळीस महत्त्व आले. लोकर व घोंगडी हा येथून बाहेर जाणारा प्रमुख माल, तर दुष्काळी वर्षांत धान्य बाहेरून आणावे लागे. अशा प्रदेशात वाटेवर गमावलेला माल पुढच्या हंगामात भरून निघेल याची खात्री नसते. तेथील लहान उत्पादकास मार्गस्थ जोखीम अधिक झोंबते, ती यामुळेच.

सातारा भागातील माल मुंबईस पोहोचण्याचा एक जुना मार्ग कराडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणपर्यंत व तेथून वाशिष्ठीच्या खाडीतून समुद्राने असा होता. या मार्गावर माल बैल किंवा गाडी, होडी व गलबत अशा तीन वाहनांत चढे-उतरे आणि दर खेपेस तो नव्या हाती जाई. माल नेमका कोणाच्या ताब्यात असताना बिघडला, हे ठरविणे अशा वाहतुकीत कठीण असते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली व १८८६–८७ च्या सुमारास पुणे–मिरज लोहमार्ग सातारा भागातून गेला. तेव्हा या भागाचा व्यापार घाटमार्गाकडून लोहमार्गाकडे वळला. म्हसवडला मात्र रेल्वे आली नाही. तेथील माल बैलगाडीने व पुढे मालमोटारीने स्थानकापर्यंत न्यावा लागे.

रेल्वेचे दायित्व : रेल्वेमुळे वाहतूक जलद व स्वस्त झाली, परंतु जोखमीची वाटणी धन्यास प्रतिकूल ठरली. १८९० च्या रेल्वे अधिनियमान्वये रेल्वेचे दायित्व केवळ मालाची वाजवी काळजी घेण्यापुरते होते. त्यातही सवलतीच्या दराने माल पाठवावयाचा असल्यास व्यापाऱ्यास ‘रिस्क नोट’ नावाच्या छापील पत्रावर सही करून माल आपल्या जोखमीवर जात असल्याचे मान्य करावे लागे. अशा पत्रान्वये हानी झाल्यास तिच्या मुळाशी रेल्वेची कसूर होती, हे सिद्ध करण्याचा भार बहुधा धन्यावर पडे. माल रेल्वेच्या ताब्यात, कागदपत्रे रेल्वेची व नोकरही रेल्वेचे, अशा स्थितीत शेकडो मैल दूर असलेल्या लहान व्यापाऱ्यास हा पुरावा मिळविणे दुरापास्त असे. १९४९ च्या दुरुस्तीने रिस्क नोटची पद्धत रद्द झाली. १ जानेवारी १९६२ पासून रेल्वेचे दायित्व सार्वजनिक वाहकाप्रमाणे झाले. म्हणजे दैवी आपत्ती, युद्ध इ. अपवाद वगळता हानीची जबाबदारी प्रथमतः रेल्वेवर आली. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात हे तत्त्व कायम असून दाव्यांच्या निर्णयासाठी १९८७ च्या कायद्यान्वये स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झाले. मालकाच्या जोखमीवरील सवलतीचा दर मात्र याही अधिनियमात आहे.

आधुनिक विम्याचा विकास : ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या सागरी विमा करारांपैकी एक १३४७ मध्ये इटलीतील जेनोआ येथे झाला. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक व जोखीम पत्करणारे व्यापारी एकत्र येत. त्यातून लॉइड्ज ही संस्था वाढली. तिने १७७९ मध्ये स्वीकारलेला विमापत्राचा नमुना सुमारे दोनशे वर्षे प्रचारात होता. १९८२ मध्ये त्याच्या जागी अ, ब व क अशा तीन वर्गांची सुटसुटीत कलमे आली व ती २००९ मध्ये सुधारण्यात आली. इंग्लंडचा सागरी विमा अधिनियम १९०६ चा असून त्याच्याच धर्तीवर भारताने १९६३ मध्ये आपला अधिनियम केला. सागरी प्रवासास जोडून येणाऱ्या खुष्कीच्या वाटेवरील जोखमीही सागरी विमापत्रात समाविष्ट करण्याची त्यात मुभा आहे.

मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल इन्शुअरन्स ही सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा व्यवसाय करणारी पहिली भारतीय कंपनी निघाली. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी न्यू इंडिया ॲशुअरन्स कंपनी स्थापन केली. तत्पूर्वी हा व्यवसाय प्रामुख्याने परदेशी कंपन्यांच्या हाती होता. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा कंपन्यांचे चार कंपन्यांत विलीनीकरण झाले. १९९९ च्या कायद्यानंतर हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना पुन्हा खुले झाले.

विमापत्रातील अपवादांचे महत्त्व १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांनी प्रकर्षाने निदर्शनास आणले. कापूस व दारूगोळा एकत्र लादलेल्या या जहाजास आग लागून झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि गोदीतील व शेजारच्या वखारींतील प्रचंड माल नष्ट झाला. युद्धकालीन स्फोटाने झालेली हानी नेहमीच्या आगीच्या विमापत्रांखाली येते काय, असा प्रश्न उद्भवला; अखेर सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था केली. सुलतानी हानीचा भार शेवटी राज्यसंस्थेनेच उचलल्याचे हे उदाहरण होय.

विम्याच्या मर्यादा : १९६३ च्या अधिनियमानुसार विमाधारकाचे हेतुपुरस्सर गैरवर्तन, विलंब, नेहमीची झीज, गळती व मोडतोड, मालाचा अंगभूत दोष आणि उंदीर-कीटकांचा उपद्रव यांमुळे होणाऱ्या हानीस विमाकर्ता सामान्यतः जबाबदार नसतो. नाशवंत शेतमालाच्या बाबतीत हे अपवाद विशेष महत्त्वाचे ठरतात. सांगली जिल्ह्यातील द्राक्षे तसेच माण, आटपाडी व सांगोला या दुष्काळी पट्ट्यातील डाळिंबे शीतपेट्यांतून समुद्रमार्गे परदेशी जातात. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे या निर्यातीचे मुख्य द्वार होय. जहाज बुडाले वा शीतयंत्र बंद पडले, तर त्या जोखमीचा विमा असल्यास भरपाई मिळते. याउलट २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अवशेष आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, त्या वेळी माल वाटेत शाबूत होता. नाकारला गेला तो पोहोचल्यावर. अशी हानी मालाच्या नेहमीच्या विम्यात येत नाही. तिचा भार निर्यातदार व बागायतदार यांच्यावर पडला.

विलंबाचीही हीच कथा आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्याच्या मालकांनी पुढे सामाईक हानी जाहीर केली. म्हणजे जहाज व माल वाचविण्यासाठी झालेल्या खर्चाचा वाटा जहाजावरील प्रत्येक मालधन्याने उचलावा, असे ठरले. जहाज वाचविण्यासाठी समुद्रात टाकलेल्या मालाचा तोटा सर्वांनी वाटून घ्यावा, या ऱ्होड्झ बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन नियमाचेच हे रूप असून विमा असल्यास हा वाटा विमा कंपनी देते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि २०२४ च्या हंगामात युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रवास लांबला. हल्ल्याने झालेल्या हानीसाठी जादा हप्ता देऊन युद्धजोखमीचा विमा घेता येतो. परंतु लांबलेल्या प्रवासात मालाची प्रत उतरली, तर ती हानी विलंबाच्या अपवादात मोडते.

सद्यःस्थिती : रस्त्यावरील वाहतुकीस १८६५ चा वाहक अधिनियम दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २००७ च्या अधिनियमाने घेतली व तो २०११ मध्ये अंमलात आला. त्याखालील नियमांनुसार, मालाची अधिक किंमत आगाऊ जाहीर करून त्याबद्दलचा आकार भरला नसल्यास, वाहकाचे दायित्व भाड्याच्या दहापटीपर्यंत सीमित राहते. महाग मालाच्या बाबतीत ही रक्कम खऱ्या हानीपेक्षा पुष्कळच कमी असू शकते. उरलेली जोखीम धन्याची किंवा त्याने घेतलेल्या विम्याची. विमा कंपनी भरपाई दिल्यावर धन्याच्या जागी येऊन वाहकाविरुद्ध दावा करू शकते. मालाचा विमा उतरविला म्हणून वाहकाची जबाबदारी संपत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

धनी कोण, हा प्रश्नही निर्णायक असतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार, वेगळा करार नसल्यास, जोखीम मालकीबरोबर जाते. बांधावर सौदा होऊन मालकी व्यापाऱ्याकडे गेली असल्यास पुढील हानी व्यापाऱ्याची. पण म्हसवडच्या शेतकऱ्याने आपला कांदा वा डाळिंब पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजारात अडत्याकडे विक्रीसाठी पाठविले, तर लिलाव होईपर्यंत माल त्याच्याच मालकीचा असतो आणि घाटात मोटार उलटल्यास त्याचा तोटा प्रथम त्याच्यावर येतो. मोठे निर्यातदार व कारखानदार वर्षभराच्या मालासाठी एकच खुले विमापत्र घेतात व प्रत्येक खेपेची नोंद त्यावर करतात. एकेक खेप पाठविणाऱ्या लहान उत्पादकास असे विमापत्र घेणे सहसा सोयीचे नसते. पूर्वी हुंडेकऱ्याच्या हुंड्यात भाडे व जकात यांचा हिशेब एकाच आकड्यात होई. आज भाडे, वाहकाचे मर्यादित दायित्व व विमा या गोष्टी स्वतंत्र असून त्या एकत्र जुळविण्याचे काम माल पाठविणाऱ्याचे आहे. सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी सभासदांच्या मालासाठी सामुदायिक विमापत्र घेतल्यास ही अडचण काही अंशी दूर होऊ शकते.